महागडं औषध आणि विम्याचा कागद : बेळगाव-खानापूर-निपाणीकरांचे नेहमीचे प्रश्न

माझं बेळगावच्या शहापुरात औषधांचं दुकान आहे. रात्री आठ-साडेआठला गिऱ्हाईक ओसरलं की कोणी ना कोणी पिशवीत कोंबलेली फाईल घेऊन येतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, रेशन कार्ड कन्नडात आणि प्रश्न मराठीत. वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकले, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. लोकांचे क्लेमचे फॉर्म भरता भरता जे कळलं ते इथं आहे.

पाच लाखांची पॉलिसी आहे. मग महिन्याच्या औषधांचे पैसे का मिळत नाहीत?

कारण आपल्याकडची साधारण मेडिक्लेम पॉलिसी आजाराची नसते, भरतीची असते. औषध किती रुपयांचं आहे हे कंपनी नंतर बघते. आधी बघते ते कुठं दिलं. वॉर्डात सलाईनमधून गेलेलं तीस हजारांचं इंजेक्शन बसतं, आणि डॉक्टरांनी घरी घ्यायला दिलेली दीड हजारांची गोळी बसत नाही. इन्सुलिन, दम्याचे पंप, किडनी बदलल्यानंतर जन्मभर लागणाऱ्या गोळ्या, सगळं यात अडकतं. काही पॉलिसींना ओपीडीची जोड मिळते, पण तिची मर्यादा बहुधा इतकी तोकडी असते की महागड्या औषधाला ती दोन महिनेही पुरत नाही.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे डे केअर, म्हणजे सकाळी भरती होऊन संध्याकाळी घरी. दुसरी, भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दिवस. दुसरी वाट लोक वापरतच नाहीत.

म्हणजे भरतीनंतरच्या गोळ्यांचे पैसे मिळतात?

मिळतात, आणि माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना मी इथंच बघतो. ‘आरोग्य संजीवनी’ या सगळ्या कंपन्यांकडं एकाच साच्यात मिळणाऱ्या पॉलिसीत भरतीच्या आधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेत. इतर बऱ्याच पॉलिसींत ६० आणि ९०, कधी त्याहून जास्त. या दिवसांत त्याच आजारासाठी घेतलेली औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळ्याचा क्लेम होतो. पण डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेस झालं, गोड वाटलं, की लोक फाईल कपाटात टाकतात. पुढची दोन महिन्यांची बिलं तशीच पडून राहतात.

केमोवाल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. दर २१ दिवसांनी डे केअर भरती होत असेल, तर प्रत्येक डिस्चार्जनंतर हे दिवस नव्यानं मोजले जातात. मधल्या काळातली उलटीची गोळी, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, रक्ततपासणी, सगळी बिलं त्या त्या भरतीला जोडून पाठवायची. मात्र चिठ्ठीवर आजाराचं नाव हवं. ‘टॅब्लेट अमुक, दिवसातून दोनदा’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी कंपनी बाजूला काढते, आणि त्यात तिची फार चूक आहे असं मला वाटत नाही.

सकाळी केमोला जातो, संध्याकाळी घरी. चोवीस तास राहावं लागतं का?

नाही. केमो, डायलिसिस, मोतीबिंदू यांना ती अट नाही. पण रुग्णालय विम्याच्या व्याख्येत बसायला हवं: एकतर सरकारदरबारी नोंद हवी, म्हणजे आपल्याकडं कर्नाटकाच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची, नाहीतर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान १० खाटा, चोवीस तास नर्स-डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे हवं. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की निम्मी कटकट वाचते.

डॉक्टर म्हणतात सलाईनची गरज नाही, केमोची गोळीच आहे. आता?

विमा नियामक प्राधिकरणानं सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली. रोबोटिक शस्त्रक्रिया, स्टेम सेल, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, इंजेक्शननं द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे लोक ज्याला इम्युनोथेरपी म्हणतात ती, आणि तोंडानं घ्यायची केमोथेरपी. हे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळायचे नाहीत, असं ठरलं. म्हणून केमोची गोळी ‘घरी घेतली’ एवढ्या कारणावर नाकारली असेल, तर गप्प बसू नका.

दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षं चालणारी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल. कंपन्या म्हणतात ही हार्मोनची गोळी, केमो नव्हे. ही औषधं तुलनेनं स्वस्त असतात, म्हणून भांडायला फारसं कोणी जात नाही. दुसरा खळगा मोठा. उपचार वगळायचा नाही, पण त्यावर मर्यादा घालायला कंपनी मोकळी आहे.

मर्यादा म्हणजे नेमकं काय?

आरोग्य संजीवनीत या बारा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्के मर्यादा आहे. म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीत अडीच लाख. समजा, इम्युनोथेरपीचा एक डोस ६० हजारांना पडतो आणि तो दर तीन आठवड्यांनी आहे. चार डोस झाले की अडीच लाख जवळजवळ संपले, वर्ष अजून अर्धंसुद्धा झालेलं नाही. इतर पॉलिसींत हा आकडा टक्क्यांत असतो, कधी ठरावीक रुपयांत, तर काहींत मर्यादाच नसते. पॉलिसी घेताना लोक खोलीचं भाडं विचारतात. ‘आधुनिक उपचार’ या मथळ्याखालचा तक्ता कोणी उघडत नाही. उघडा.

मधुमेहानं डोळ्याचा पडदा सुजलाय. इंजेक्शन डोळ्यात, पंधरा मिनिटांचं काम. क्लेम होतो?

वरच्या यादीत हे आहे, त्यामुळं होतो, मर्यादेसकट. आधी मंजुरी घ्या, आणि किती इंजेक्शनं लागणार हे डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या. दर महिन्याला नव्यानं रडायला नको.

‘भरतीची गरज नव्हती’ म्हणून क्लेम परत आलाय.

आमच्या घरीच झालंय हे. वहिनींना ट्रॅस्टुझुमॅब हे कर्करोगाचं इंजेक्शन चालू होतं. विमा कंपनीनं तीन डोसांचे पैसे दिले आणि चौथ्याला पत्र आलं की हे ओपीडीत देता आलं असतं. औषध तेच, खाट तीच, नर्ससुद्धा तीच. भाऊ संतापून फोनवर फोन करत होता. फोनचा उपयोग शून्य. मग डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचं पत्र घेतलं: औषध शिरेतून जातं, इतका वेळ लागतो, हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून देखरेख लागते, आधीचे डोस याच पद्धतीनं दिले. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट आणि आधीच्या तीन क्लेमांची मंजुरीपत्रं. पाच आठवडे गेले, पण पैसे आले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, डॉक्टरांकडं सहानुभूती मागू नका, पत्र मागा. नवीन औषध असेल तर त्या पत्रात आणखी एक वाक्य हवं: या आजारासाठी हे औषध भारतात मान्यताप्राप्त आहे. कारण ‘सिद्ध न झालेला उपचार’ हे नाकारायचं ठरलेलं कारण आहे. एका कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं औषध दुसऱ्यासाठी दिलं की कंपनी तेच कलम पुढं करते.

खोली जरा महाग घेतली तर औषधांचे पैसेही कापतात, हे बरोबर आहे का?

खोलीचे कापतील, डॉक्टरांच्या फीचे, नर्सिंगचे, थिएटरचे त्याच प्रमाणात कापतील. औषधांचे नाही. २०२० च्या नियमांनुसार या प्रमाणशीर कपातीत औषधं, शरीरात बसवायच्या वस्तू आणि तपासण्या धरायच्या नाहीत. समजा पॉलिसीत खोलीला दिवसाला चार हजार आहेत आणि तुम्ही आठ हजारांची घेतली. खोली, फी वगैरे ८० हजार, औषधं १ लाख २० हजार. कपात चाळीस हजारांची व्हायला हवी. कोणी दोन लाखांचे सरळ निम्मे केले तर साठ हजार तुमच्या खिशातून चुकीचे गेले. हिशेबाचा कागद मागून घ्या, पेन्सिल घेऊन बसा. ग्लोव्हज, डायपर असल्या ‘औषधेतर’ वस्तूंचे पैसे मात्र जातातच. त्यावर डोकं आपटू नका.

मंजुरीसाठी दिवसभर लटकवून ठेवतात.

मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. उशिरामुळं रुग्णालयाचं बिल वाढलं तर तो भार कंपनीचा. प्रत्यक्षात बरेचदा कागद रुग्णालयाच्या विमा टेबलावरच पडलेला असतो. तो कंपनीला किती वाजता पाठवला, एवढंच शांतपणे विचारा. वेळ विचारली की हालचाल होते.

फॉर्ममध्ये ‘तंबाखू’ला नाही लिहिलंय. आई फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे तंबाखूच, मावशी. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू पिकतो, अंगणात वाळतो, म्हणून तो ‘व्यसन’ या शब्दात बसतो असं कोणाला वाटतच नाही. एजंट इंग्रजी फॉर्म भराभर भरतो, सगळीकडं ‘नाही’ची खूण करतो, आपण सही करतो. पुढं तोंडाच्या कर्करोगाचा क्लेम गेला की केस पेपरवर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं: वीस वर्षं मिश्री. झाली पंचाईत.

बीपी, शुगर, मिश्री, बिडी सगळं लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायला लावायची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. म्हणून हप्ता चुकवून सलगपणा मोडू नका. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

आयुष्मान कार्डावर महागडं औषध मिळतं का?

कर्नाटकात ही योजना ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ नावानं चालते आणि सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ती बघतो. बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. एपीएलवाल्यांना, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, सरकारी पॅकेज दराच्या फक्त ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. ही ३० टक्क्यांची गोष्ट कोणी आधी सांगत नाही, आणि माणूस ‘कार्ड आहे’ म्हणून निर्धास्त जातो.

योजना पॅकेजवर, म्हणजे प्रत्येक उपचाराच्या ठरलेल्या एकरकमी दरावर, चालते. कर्करोगाच्या ठरलेल्या केमोची पॅकेजं आहेत आणि औषधं त्यातच आली. रुग्णालयानं वरून पैसे मागायचे नाहीत. डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधंही पॅकेजमध्ये धरलेली असतात, ती मागून घ्या. नव्या पिढीचं औषध पॅकेजच्या यादीत नसेल, तर कार्ड असूनही ते मिळणार नाही.

क्रम महत्त्वाचा. तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयात, आपल्याकडं बहुधा बिम्समध्ये म्हणजे सिव्हिलला, दाखवायचं. तिथं सोय नसेल तर रेफरल घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचं. उलट क्रमानं गेलेल्यांचे कागद आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावरून परत येतात. कार्ड ग्रामवन किंवा कर्नाटकवन केंद्रात निघतं. फोन १०४ किंवा १४५५५.

महाराष्ट्र सरकारची योजना आपल्याला लागू आहे म्हणतात, खरं काय?

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या १२ तालुक्यांतल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारनं उघड हरकत घेतली. त्या राजकारणात मला इथं शिरायचं नाही. दुकानात त्यावर रोज तासभर चर्चा होतेच. रुग्णाच्या दृष्टीनं मुद्दा इतकाच: आपलं गाव यादीत आहे का, रहिवासाचा आणि रेशनचा कागद चालतो का, आणि ज्या रुग्णालयात जाणार ते त्या योजनेत आहे का. हे तिन्ही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाडी ठरवायच्या आधी विचारा. आणि हातातलं कर्नाटकाचं कार्ड त्यासाठी सोडून देऊ नका.

कोल्हापूर, मिरज, गोवा, पुणे कुठंही गेलं तरी पॉलिसी चालते ना?

खासगी पॉलिसी भारतभर चालते. पण काही कंपन्या शहरांचे झोन करतात: बेळगावच्या पत्त्यावर हप्ता कमी, आणि पुण्या-मुंबईत उपचार घेतले की बिलातला काही टक्के वाटा आपण भरायचा. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आई-बाबांना तिकडंच नेणार, हे आधीच माहीत असेल तर वरच्या झोनचा हप्ता भरलेला परवडतो.

सरकारी कार्डाचं तसं नाही. राज्याच्या हद्दीबाहेर जाताना कार्ड तिथं चालेल का हे निघण्याआधी विचारायचंच. खानापूरचे लोक सवयीनं बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात, जातात. तिथं २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, आणि गोव्याची स्वतःची विमा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठीच आहे.

पॉलिसीही नाही, बीपीएल कार्डही नाही. मग?

आधी घरातल्या माणसांची कामं आठवा. उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये कोणी आहे का? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असतं, आणि ते खऱ्या अर्थानं औषधांचा विमा आहे. भरती नसली तरी ओपीडीची औषधं मिळतात, घरच्यांनाही. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि पोरांना त्याचा पत्ता नसतो. घरात कोणी मराठा लाइट इन्फंट्रीतून किंवा दुसऱ्या पलटणीतून निवृत्त झालं असेल, तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक बेळगावात आहे. महिन्याची औषधं तिथून मिळतात. आई बिडी वळत असेल आणि तिचं बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल, तर केंद्राच्या श्रम कल्याण विभागाकडून कर्करोगाच्या खर्चाची भरपाई मागता येते. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी ही राज्य सरकारची आरोग्य योजना आहे; तिचा भर मात्र शस्त्रक्रियांवर आहे, औषधांवर नाही.

ज्यांच्याकडं दारिद्र्यरेषेखालचा दाखला आहे आणि पॅकेज अपुरं पडतंय, त्यांनी मोठ्या सरकारी रुग्णालयातून राष्ट्रीय आरोग्य निधीचा अर्ज करावा. दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे. कर्नाटकातलं केंद्र बंगळूरला, इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेशी जोडलेलं.

विमा काही देत नाही, तर औषधच स्वस्त होईल का?

मेडिकलवाला असून सांगतो: विचारा. ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव विचारा. जनऔषधीत तेच मूळ औषध निम्म्याहून कमी दरात असू शकतं. महागड्या जैविक इंजेक्शनांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्यात. ट्रॅस्टुझुमॅबची पहिली आपल्या बंगळूरच्या बायोकॉननं २०१४ मध्ये आणली. डॉक्टर मूळ ब्रँडच हवा म्हणाले तर का, ते विचारा. कधी खरंच कारण असतं.

किमती हलतात, हे लोकांना खरं वाटत नाही. यकृत आणि किडनीच्या कर्करोगाचं सोराफेनिब महिन्याला २ लाख ८० हजारांना पडायचं. मार्च २०१२ मध्ये सरकारनं नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे दुसऱ्याचं पेटंट असूनही औषध बनवायची परवानगी, दिला आणि तेच सुमारे ८,८०० वर आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा बसली. आम्हा दुकानदारांना तेव्हा चटका बसला, खोटं कशाला बोलू.

आणखी एक. पेटंट असलेल्या औषधांच्या कंपन्या रुग्णांसाठी मदत योजना चालवतात, इतके डोस घेतले की पुढचे फुकट. जाहिरात होत नाही. कर्करोगतज्ज्ञाच्या ओपीडीतल्या समन्वयकाला विचारावं लागतं. मात्र फुकट मिळालेल्या डोसचा क्लेम करायचा नाही. तसं करून पकडलेला एक गृहस्थ मी बघितलाय, त्याची पॉलिसीच गेली.

क्लेम नाकारला, तक्रार कुठं?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, ईमेलवर. नाकारताना पॉलिसीचं नेमकं कलम सांगणं कंपनीला बंधनकारक आहे; ‘नियमानुसार’ एवढ्यावर ऐकू नका. बरोबरीनं ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या पत्त्याला बंगळूरचं कार्यालय लागतं, उपचार कोल्हापुरात झाले असले तरी. फी नाही, वकील नाही, दावा ५० लाखांपर्यंत, मुदत एक वर्ष. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक. बंगळूरचं नाव ऐकून माणसं घाबरतात, पण सुनावणी व्हिडिओवरही होते. तोही मार्ग नको असेल तर बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे.

एकाच बिलाचा दोन ठिकाणी क्लेम होतो का? मूळ बिलं तर एकाच कंपनीनं घेतली.

होतो. पहिल्या कंपनीनं दिलेले पैसे वजा जाता उरलेल्याचा. तिच्याकडून हिशेबाचं पत्र आणि शिक्का मारलेल्या प्रती घ्यायच्या आणि दुसरीकडं द्यायच्या.

आणि कुठलंही बिल हातचं सोडायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा. थर्मल कागदाची शाई चार महिन्यांत उडते. परवाच एका आजोबांनी सोळा कोरे कागद काउंटरवर मांडले, त्यातले नऊ माझ्याच दुकानाचे. कॉम्प्युटरमध्ये तारखा होत्या, म्हणून पुन्हा छापून सही-शिक्का करून दिले. बाकीच्या सातांसाठी त्यांचा नातू अजून फिरतोय.